स्क्रीन रीडरवर नीट चालणारं ऑडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर कुठलं? (एक ठसका कापायचाय)

बार्शीचा पखवाजी

नमस्कार मंडळी. आधी माझं सांगतो मग विचारतो. मी पूर्ण अंध, लॅपटॉपवर एनव्हीडीए (पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) वापरतो, लॅपटॉप म्हणजे जुना डबा आहे, आय थ्री, 4 जीबी रॅम, विंडोज 10. मेल, एक्सेल, बँक, लाइटबिल सगळं माझं मी करतो त्यामुळे कॉम्प्युटरची भीती नाही, पण ऑडिओ एडिटिंगमध्ये मी शून्य.

काम दोन प्रकारचं आहे. आमच्या भजनी मंडळाचा हरिपाठ आणि एकादशीची भजनं मी मोबाईलवर रेकॉर्ड करतो आणि ग्रुपवर टाकतो, बाहेरगावी गेलेली पोरं ऐकतात. आणि दुसरं म्हणजे ज्या अंधशाळेत मी शिकलो तिथल्या दहावीच्या मुलांसाठी आमची मंडळी धडे वाचते, ते रेकॉर्डिंग. कापाकापी आतापर्यंत चुलतभाऊ करून द्यायचा, त्याला डोळे आहेत आणि माऊस आहे. आता तो नोकरीला चाकणला गेला. फोन केला की म्हणतो "रविवारी करतो रे", असे सहा रविवार झाले. त्याच्यावर राग नाही, बारा तासाची ड्युटी करतो बिचारा, पण एका धड्यात चौदाव्या मिनिटाला बायकोला ठसका लागलाय, तेवढा ठसका काढायचाय आणि त्यापायी अख्खा धडा दीड महिना अडकलाय, मुलांची सहामाही पण होऊन गेली.

मागच्या आठवड्यात एका ओळखीच्याने एक महागडं सॉफ्टवेअर ट्रायलवर टाकून दिलं, "सगळे स्टुडिओवाले हेच वापरतात" म्हणाला. उघडलं तर एनव्हीडीए नुसतं "पेन, पेन, अननोन, पेन". अर्धा तास टॅब दाबत बसलो. शेवटी प्ले झालं पण थांबवता येईना, लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं.

तर विचारायचं असं की फक्त कीबोर्डवर, कोणाला शेजारी न बसवता, कापणं जोडणं आवाज मोठा करणं हे ज्यात खरंच होतं असं काय आहे, फुकट असेल तर बरं, आणि मुख्य म्हणजे जिथे ठसका आहे ती जागा न बघता सापडते कशी? तुम्ही स्वतः वापरलेलं असेल तेच सांगा, यादी नको, याद्या मी भरपूर वाचल्यात.

दुपारचा चहा

अहो ऑडॅसिटी घ्या की, एकदम सोपं आहे. वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या चित्रात, ठसक्याचा उंच डोंगर दिसतो, माऊसने ड्रॅग करा आणि डिलीट मारा, दोन सेकंदाचं काम.

कानसेन

चहावाले दादा, डोंगर दिसत असता तर त्यांनी विचारलंच नसतं 😄

पण नाव बरोबर सांगितलंत. पखवाजीभाऊ, तुमच्या कामाला ऑडॅसिटीच घ्या. फुकट आहे, तुमच्या डब्यावर चालेल, आणि मेन्यू, डायलॉग, इफेक्टच्या खिडक्या हे सगळं एनव्हीडीए वाचतं. जे वाचत नाही ते म्हणजे वेव्हफॉर्म, ते चित्र आहे आणि चित्रच राहणार, त्याची आपल्याला गरजही नाही कारण आपल्याला डोंगर बघायचा नाही, ठसका ऐकायचाय.

पहिलं काम, इन्स्टॉल झाल्यावर प्रेफरन्सेसमध्ये जा (कंट्रोल पी), तिथे कीबोर्ड, तिथे डिफॉल्ट्स बटण, त्यात फुल निवडा. नाहीतर निम्मे शॉर्टकट बंद असतात आणि माणूस म्हणतो लोकांनी सांगितलेलं चालत नाही. दुसरं काम, तुमच्या मोबाईलचं रेकॉर्डिंग बहुतेक एम फोर ए असणार, ते उघडायला एफएफएमपेग नावाची लायब्ररी वेगळी टाकावी लागते, एकदाच.

आता ठसका. फाईल उघडा, कंट्रोल ए करून एकदा स्पेस, म्हणजे वाजायला लागेल. कॉमा आणि फुलस्टॉपने एकेक सेकंद मागेपुढे जाता येतं, शिफ्ट धरून तेच दाबलं तर पंधरा सेकंद. ठसका आला की डावा चौकोनी कंस दाबा, ठसका संपला की उजवा कंस. वाजत असतानाच दाबायचं, थांबवायचं नाही. मग स्पेसने थांबवा आणि परत स्पेस, आता फक्त निवडलेला तुकडा वाजेल. पहिल्यांदा तुमचं बोट उशिरा पडलेलं असणार, सगळ्यांचं पडतं, ठसक्याचं तोंड बाहेर राहतं आणि पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर आत येतं. मग कडा सरकवायच्या. शिफ्ट डावा बाण म्हणजे डावी कड अजून डावीकडे, शिफ्ट उजवा म्हणजे उजवी कड अजून उजवीकडे. आत घ्यायचं असेल तर त्यात कंट्रोल पण धरायचं, कंट्रोल शिफ्ट उजव्या बाणाने डावी कड आत येते, कंट्रोल शिफ्ट डाव्याने उजवी.

आणि इथे एक गोष्ट जी मला वर्षभर कोणी सांगितली नव्हती. बाण दाबल्यावर कड किती सरकते हे झूमवर अवलंबून असतं! आपल्याला वाटतं झूम म्हणजे डोळेवाल्यांचा विषय, आपला काय संबंध. पण झूम आउट असताना एका बाणात कड सेकंदभर उडी मारते आणि आत झूम केलं की अगदी केसाएवढी सरकते. म्हणून आधी कंट्रोल ई, म्हणजे निवडलेल्यावर झूम, मग बाण. अजून बारीक हवं तर कंट्रोल 1.

मग सी दाबा. एकटं सी. हा तुकडा कापला तर कसं वाटेल ते न कापता ऐकवतं, आधीचे दोन सेकंद आणि नंतरचा एक. सी दाबायचं, ऐकायचं, कड सरकवायची, परत सी. पटलं की झेड, त्याने कडा अशा जागी बसतात की जोडावर टिक्क आवाज येत नाही, आणि मग डिलीट. मी एका वाचकाच्या रेकॉर्डिंगमधून "म्हणजे" हा शब्द एका धड्यात एकतीस वेळा असाच काढलाय. शेवटी शेवटी एका "म्हणजे"ला वीस सेकंद लागत होते.

एक सूचना, बायकांचं वाचन असेल तर ठसक्याच्या आधीचा श्वास बघा. बायकांचं म्हणजे कोणाचंही. ठसका काढला आणि आधीचा श्वास ठेवला तर दोन श्वास लागोपाठ ऐकू येतात आणि काहीतरी चोरीला गेलंय हे लगेच कळतं. एक श्वास ठेवायचा, एक जाऊ द्यायचा.

पंख्याची घरघर असेल तर धड्याला नॉइज रिडक्शन लावा. जिथे कोणी बोलत नाहीये असा दोन सेकंदाचा तुकडा निवडून इफेक्टमधून नॉइज प्रोफाइल घ्यायचं, मग कंट्रोल ए करून तोच इफेक्ट परत उघडून लावायचा. आकडा 6 डेसिबलच्या आसपास ठेवा, हाव केली की माणूस हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो.

शेवटी एक्स्पोर्ट, कंट्रोल शिफ्ट ई. नुसतं कंट्रोल एस केलं तर ऑडॅसिटीची स्वतःची फाईल तयार होते, ती ग्रुपवर टाकलीत तर कोणालाच वाजणार नाही, हे मी स्वतः केलंय आणि वर लोकांना "तुमच्या फोनला प्रॉब्लेम आहे" म्हणून सांगितलंय.

ठाण्याची मनू

कानसेनदादाचं सगळं बरोबर आहे, तरी मी म्हणेन की थेट रीपर शिका, म्हणजे अनेक ट्रॅकवर काम करायचं ऑडिओ सॉफ्टवेअर. मी दोन वर्षं ऑडॅसिटीवर काढली आणि मग रीपरवर आले तेव्हा सगळी बोटं परत शिकवावी लागली.

रीपर एकटं घेतलं तर स्क्रीन रीडरला फार काही सांगत नाही, त्यावर ओसारा टाकायचं. ओसारा म्हणजे आपला घरापुढचा ओसारा नव्हे 😀 ओपन सोर्स ॲक्सेसिबिलिटी फॉर द रीपर ॲप्लिकेशन, त्याचं लघुरूप. फुकट आहे, आणि सुरू केलंय जेम्स तेह यांनी, म्हणजे मायकल करनबरोबर ज्यांनी एनव्हीडीए उभं केलं तेच. त्यामुळे बनवणारा माणूस स्वतः स्क्रीन रीडरवर जगणारा आहे आणि ते पावलोपावली जाणवतं. ट्रॅक म्यूट केला तर "म्यूटेड" एवढंच बोलतं, पुराण सांगत नाही. एफ 12 दाबलं की शॉर्टकटची मदत चालू होते, मग कुठलीही की दाबा, ती काय करते ते सांगेल पण करणार नाही. आवाज फार वर गेला तर मीटर न बघता कळावं म्हणून पीक वॉचर आहे, ठरवलेल्या पातळीच्या वर गेलं की बोलतं. विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं.

पैशाचं म्हणाल तर रीपर 60 दिवस पूर्ण ट्रायल, कुठलंही फीचर कापलेलं नाही. नंतर वैयक्तिक वापराचं लायसन्स 60 डॉलर. मी पहिल्या कमाईतून घेतलं.

कशासाठी उपयोगी, तर जिथे एकापेक्षा जास्त ट्रॅक आहेत. मी मुलाखती करते, पाहुणा एका ट्रॅकवर, मी दुसऱ्यावर, खाली संगीत. पाहुणा बोलायला लागला की संगीत खाली जायला पाहिजे, मग त्याच्या आवाजाला थोडा कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा-बारीक आवाज सारखा करणारा इफेक्ट. बाहेरचे बरेच प्लगइन (वरून जोडायचे इफेक्ट) म्हणजे नुसती बटणांची चित्रं असतात, तिथे एनव्हीडीए मुकं. पण रीपरचे स्वतःचे इक्यू (जाड-बारीक सूर कमीजास्त करणारा), कॉम्प्रेसर ओसारामधून यादीसारखे वाचता येतात, नाव, आकडा, बाणाने कमीजास्त. आणि मूळ फाईलला हात लागत नाही, सहा महिन्यांनी सुद्धा कापलेलं परत ओढून काढता येतं.

फक्त एक गंमत आहे, रीपरमध्ये तुकडा डिलीट केला की तिथे भोक राहतं, पुढचं मागे सरकत नाही, ते सरकायला रिपल एडिटिंग चालू करावं लागतं. माझ्या पहिल्या एपिसोडमध्ये प्रत्येक कापलेल्या "अं"च्या जागी तेवढीच शांतता होती. ऐकणाऱ्याला वाटलं पाहुणे फारच विचारी आहेत.

कानसेन

मनूताई, मान्य, पण त्यांना एक ठसका कापायचाय. ठसक्यासाठी कोणी आख्खा स्टुडिओ बांधत नाही. आधी मुलांचा धडा जाऊ दे.

ठाण्याची मनू

बरं बाबा. पण पखवाज, टाळ, गायक वेगवेगळ्या माइकवर घ्यायची इच्छा झाली की माझ्याकडेच येणार ते, लिहून ठेवा.

मिरजेची सुमन

आयफोन असेल कोणाकडे तर फेराइट नावाचं ॲप बघा, व्हॉइसओव्हरवर (आयफोनचा स्क्रीन रीडर) मी त्यात आख्खी कथामाला केलीय, लॅपटॉप उघडलाच नाही. बसच्या प्रवासात कापाकापी होते. फुकटात मर्यादा आहे, पुढे पैसे भरून वाढवता येतं. अँड्रॉइडवर तिथल्या टॉकबॅक स्क्रीन रीडरबरोबर तेवढं मनासारखं मला अजून मिळालेलं नाही, नुसतं सुरुवात आणि शेवट छाटायचं असेल तर फोनमधल्या रेकॉर्डरच्या ट्रिमवर भागतं, मधला तुकडा काढायचा म्हटलं की बोटं दुखतात.

जुनी कॅसेट

आम्ही दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून एडिटिंग केलेली माणसं. पॉज बटणावर अंगठा ठेवून खोकला चुकवायचा, चुकलं की परत पहिल्यापासून. नंतर कॉम्प्युटर आला तेव्हा जॉज नावाच्या स्क्रीन रीडरवर साउंड फोर्ज आणि गोल्डवेव्ह ही एडिटिंगची सॉफ्टवेअरं. गोल्डवेव्ह कॅनडातलं, त्यात पण असेच चौकोनी कंस दाबून सुरुवात आणि शेवट धरायचा, म्हणून मला ऑडॅसिटी जड गेलं नाही. ज्यांची बोटं त्यावर बसलीत त्यांनी उगाच बदलू नये, नव्याने शिकणाऱ्याने मात्र पैसे घालून तिकडे जायचं कारण आता मला दिसत नाही.

दोन गोष्टी सांगतो. एक, मूळ फाईलची कॉपी काढून मगच हात लावायचा, मूळचं नाव "मूळ" असंच ठेवायचं. आणि डिस्कवर जागा आहे का बघा, कारण ऑडॅसिटी आत 32 बिटमध्ये ठेवतं, एका तासाचं मोनो म्हणजे साधारण 635 एमबी आणि स्टिरिओ त्याच्या दुप्पट. बोलण्याला स्टिरिओ कशाला पाहिजे, आधीच मोनो करून घ्या. बाहेर काढताना मोनो एमपी थ्री 64 केबीपीएस केलंत तर तासाला 29 एमबीच्या आत बसतं, मुलांच्या फोनला तेच परवडतं.

दुसरं, शाळेसाठी करताय तर पुढेमागे ओबी नावाचं बोलकी पुस्तकं बनवायचं सॉफ्टवेअर बघा. डेझी कन्सॉर्टियम या बोलक्या पुस्तकांवर काम करणाऱ्या संस्थेचं आहे, फुकट, आणि स्क्रीन रीडरवर चालावं अशा बेतानेच केलेलं. त्यात रेकॉर्डिंगला धडा, उपविभाग, पान अशा खुणा घालता येतात म्हणजे मुलाला "पान 42 उघडा" म्हटल्यावर चाळीस मिनिटं ऐकत बसावं लागत नाही. सुट्टी एमपी थ्री म्हणजे पान क्रमांक नसलेलं पुस्तक, परीक्षेच्या आदल्या रात्री ते काय कामाचं.

दुपारचा चहा

माझं पहिलं उत्तर वाचून आता मलाच कसंतरी झालं, सॉरी. पण एक विचारू का, स्क्रीन रीडर बोलत असतो आणि तुम्ही ऑडिओ ऐकत असता, दोन्ही एकदम कसं समजतं?

कानसेन

सवयीने. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी मोजत फोनवर बोलतात ना लोक, तसंच. सॉरी कशाला, सॉफ्टवेअर बरोबरच सांगितलं होतंत. खरा त्रास रेकॉर्डिंगच्या वेळी असतो, स्पीकर चालू असला की एनव्हीडीएचा आवाज माइकमध्ये जातो. म्हणून इअरफोन लावूनच रेकॉर्ड करायचं, नाहीतर इन्सर्ट एस दाबून तोंड बंद करायचं त्याचं. आणि परत चालू करायला विसरायचं नाही, नाहीतर लॅपटॉप बिघडला म्हणून धावाधाव.

बार्शीचा पखवाजी

मंडळी, धडा गेला! काल रात्री साडेअकराला शाळेच्या ग्रुपवर टाकला.

आता सविस्तर. पहिला दीड तास फुकट गेला कारण कंस दाबले तरी काहीच होईना. परत परत दाबतोय, सगळा धडा निवडलेलाच राहतोय. मला वाटलं माझी आवृत्तीच वेगळी. शेवटी लक्षात आलं की कीबोर्ड मराठीवर होता! बायकोशी चॅट केलं होतं आणि तसाच सोडला होता, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये डाव्या कंसाच्या कीवर "ड" असतो, म्हणजे मी बिचाऱ्या ऑडॅसिटीला ड, ड, ड म्हणत होतो. विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजी केलं आणि पहिल्या फटक्यात धरलं. आपल्यातल्या नवीन लोकांसाठी हे वर कुठेतरी लिहून ठेवा.

ठसका सोळा वेळा सी दाबून कापला. कानसेनदादा, श्वासाचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी दोन्ही ठेवले असते. बायकोला ऐकवलं, म्हटलं सांग कुठे होता, तिने दोनदा ऐकलं आणि तेराव्या मिनिटावर बोट ठेवलं, तिथे काहीच नव्हतं. चुलतभावाला पण पाठवलं. तो म्हणाला "कोणाकडून करून घेतलंस?"

आता नवीन भानगड. त्याच जोशात रात्री हरिपाठ घेतला, मंदिरातल्या पंख्याचा आवाज काढावा म्हणून नॉइज रिडक्शन लावलं, 6 ने भागेना म्हणून 20 केलं. पंखा गेला. पण टाळ पाण्यात बुडाले! टाळाची ती जी लांब जाणारी किनार असते ती तुटून नुसतं च्यूं च्यूं राहिलंय, आणि पखवाजाचा "धा" पण फुसका. कंट्रोल झेड केलं, मूळ फाईल शाबूत आहे (कॅसेटकाका, धन्यवाद). पण पंख्याचं काय करू?

कानसेन

ड, ड, ड 😂😂 हे मला आयुष्यभर पुरेल.

टाळ असलेल्या रेकॉर्डिंगला नॉइज रिडक्शन लावायचंच नाही, किंवा अगदी नावाला. ते पंख्याच्या आवाजाचा नमुना घेऊन प्रत्येक स्वरपट्टीत त्या पातळीच्या खालचं दाबत जातं. टाळाची विरत जाणारी किनार शेवटी पंख्याएवढीच हळू होते, मग त्याला दोन्ही सारखेच. बोलण्यात तसं लांब विरणारं काही नसतं म्हणून धड्यात खपून गेलं. फार तर हाय पास फिल्टर 60 हर्ट्झला लावून खालची घुमघुम काढा, त्यावर नेऊ नका, नाहीतर पखवाजाची डावी बाजू जाईल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

जुनी कॅसेट

मोबाईल ठेवता कुठे?

बार्शीचा पखवाजी

पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर. पंखा बरोबर वर आहे.

जुनी कॅसेट

मग काढा तिथून. भात्याची धडधड पण येत असणार. पंख्यापासून लांबच्या खांबाला, गाणाऱ्यांच्या तोंडाच्या उंचीवर बांधा, आणि टाळकऱ्यांना एक पाऊल मागे घ्या.

बार्शीचा पखवाजी

टाळकरी मागे जायचे नाहीत काका, पुढच्या रांगेवरून आधीच दोन गट आहेत. खांबाचं जमेल. एकादशी गुरुवारी आहे, शुक्रवारी इथे टाकतो.